आई-बाबांना पत्र : नियमाचं माप नव्याने घेऊ

भुसावळ

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की रोजच्या प्रार्थनेचा, वाचनाचा, उपासाचा जो नियम कागदावर लिहून ठेवलाय तो पहिल्यासारखा पाळला जात नाही, मनाला लागून राहतं. तुमचा नियम चाळिशीत बेतलेला आहे आणि तुम्ही आता ७२ वर्षांचे. बाही उसवणारच. राखेचा बुधवार, म्हणजे उपासकाळाचा पहिला दिवस, तीन आठवड्यांवर आलाय, त्याआधी माप नव्याने घेऊ.

याने भक्ती कमी होते असं वाटत असेल तर एक जुना दाखला देते. सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्टने मठासाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिचं ३७वं प्रकरण खास म्हाताऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी आहे: खाण्याच्या बाबतीत त्यांना कडक नियम लावू नये, ठरल्या वेळेआधी खाऊ द्यावं. मठात चालतं ते रावेरच्या मळ्यात का चालू नये? नियमाला लॅटिनमध्ये रेग्युला म्हणतात, म्हणजे सरळ काठी. तुम्ही घड लागलेल्या केळीला बांबूचा टेकू देता, तेव्हा तो कुठल्या बाजूने लावायचा हे झाड कुठे कललंय ते बघूनच ठरवता ना.

पहिली दुरुस्ती वेळेची. कागदावर 'पहाटे ५' असं लिहू नका. शेतीची लाईन रात्रीची आली की त्या आठवड्यात हा नियम गेलाच. मोटर बघून दोनला आडवा झालेला माणूस पाचला उठून पेंगतो आणि वर स्वतःला दोष देतो. घड्याळाऐवजी रोज हमखास होणाऱ्या कामाला गाठ मारा. सकाळी पहिल्या चहाआधी, दुपारी जेवणानंतर, रात्री दाराला कडी घातल्यावर. दुपारी नुसती प्रभूची प्रार्थना पुरे. डिडाखे या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलीय, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी त्याहून जास्त कुणाला झेपतं? गुडघे टेकायचा हट्ट दोघांनीही सोडा. पाठ टेकेल अशी खुर्ची, पाय जमिनीवर. आई, गुडघे टेकले की तुझं मन सगळं दुखण्यात असतं, प्रार्थनेत नसतं.

वाचनाचं गणित सोपं आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक घेतला तर ५२ आठवड्यांत बरोबर पुरा होतो, आणि शनिवार राहिलेलं भरून काढायला मोकळा मिळतो. सगळं पवित्र शास्त्र वर्षात संपवायचं म्हणून रोज तीन-चार अध्यायांचा तक्ता लावतात, त्याचं काय होतं ते आपल्या मंडळीत दर वर्षी दिसतं: उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून माणूस जानेवारीच्या शेवटी लेवीयात शिरतो, आणि होमार्पणांच्या विधींत अडकतो तो अडकतोच. स्तोत्रं मात्र रोज एक ठेवा. ११९वं आलं की घाबरू नका. त्याच्या १७६ ओव्या आठ-आठच्या २२ भागांत आहेत, रोज एक भाग घ्या. असं केलं तर सगळी स्तोत्रसंहिता १७१ दिवसांत होते, म्हणजे वर्षात दोनदा होऊन वर थोडे दिवस उरतात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा मोठ्या टाइपातून तिनेच मोठ्याने वाचावं आणि बाबांनी ऐकावं. बाबांच्या चष्म्याची काच अजून तीच आहे, मला माहीत आहे.

रात्रीची झडती हा भाग तुमच्या कागदावर नाही, तो घाला. दिवसभर आपण कसे वागलो ते तपासायची, लोयोलाचा इग्नातिय या संताची रीत आहे. 'हे कॅथलिकांचं' म्हणून बाबा नाक मुरडतील, पण हत्यार चांगलं आहे. दहा मिनिटं, पाच पायऱ्या: आजच्या दिवसाबद्दल उपकार माना, नीट दिसावं म्हणून प्रकाश मागा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवा, चुकलं त्याची क्षमा मागा, उद्याचं एक काम ठरवा. पहिली पायरी गाळली की बाकीच्या चार नुसत्या रडगाण्याच्या होतात. आणि हे अंथरुणावर पडून करू नका, तिसऱ्या पायरीला झोप लागते.

याच रीतीत एका दोषासाठी वही असते. दर दिवसाला दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची. तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे, मग कालच्याशी आजचे आणि मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून बघायचा. एका वेळी एकच दोष. बाबांचा मजुरांवरचा आवाज घ्यायला हरकत नाही. आईने आपला स्वतः निवडावा, मी त्यात पडत नाही.

आता उपासाचं. यावर मात्र ऐका. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस, त्यातले सहा रविवार वजा जाता ४०. बाबा, मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर गोळी आपलं काम करतच राहते आणि रक्तातली साखर फार खाली येऊ शकते: हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस गोंधळतो. उन्हात बांधावर असं झालं तर घाम उन्हाचाच वाटतो, तिथेच धोका आहे. ७० च्या खाली साखर म्हणजे कमी. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका, आणि उपासासाठी गोळी मनाने बंद करायची हे त्याहून वाईट. त्याऐवजी शुक्रवारी शेवभाजी नाही. कळण्याची भाकरी, वरण, पण वेळेवर आणि पोटभर. रात्रीच्या बातम्याही बंद. शेवेचे वाचलेले पैसे डब्यात. यशयाच्या ५८व्या अध्यायात उपासाची खूण म्हणून भुकेल्याला भाकर वाटून देणं सांगितलंय, त्यात उपाशी राहिलेल्या तासांची मोजणी नाही.

दानाचं थोडक्यात. केळीच्या कांदेबागेचे पैसे एकदम येतात आणि कृषी केंद्राच्या उधारीत एकदम जातात. पैसे हातात आले त्याच दिवशी, उधारीला हात लावण्याआधी, दशांश वेगळ्या पाकिटात काढा. दशांश विक्रीवर की खर्च वजा जाता उरलेल्यावर, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. पैसे समोर असताना ठरवायला बसलं की आकडा लहान होतो. आईची स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी बाजूला काढायची रीत आहे तशीच राहू द्या.

रविवारी ठिबक बंद ठेवता येणार नाही, तर ठेवू नका. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशीही, बाहेर काढतातच. पाणी आणि गुरांचा चारा एवढंच काम. मजुरांचा हिशोब आणि व्यापाऱ्याचा फोन सोमवारी.

एखादा दिवस चुकला तर त्याची बाकी पुढे ओढायची नाही. तीन दिवसांची तीन स्तोत्रं एका रात्रीत संपवली की चौथ्या दिवशी वही उघडायचीच भीती वाटते. आजची तारीख, आजचं स्तोत्र. पण एकच कलम सलग दोन आठवडे चुकत असेल तर ते कलम जड आहे असं समजून अर्धं करा. म्हणूनच सगळं पेन्सिलीने लिहा, आणि पाळकसाहेबांना एकदा दाखवा. आपला कागद आपल्यालाच फार सोपा नाहीतर फार अवघड वाटतो.

सोबत मोठ्या अक्षरात लिहिलेला कोरा तक्ता पाठवतेय. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, बाहेरून नको. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दाखवण्याबद्दल काय म्हटलंय ते बाबांना पाठ आहे. तक्त्याच्या मागे बाबांच्या गोळीचं नाव आणि वेळ लिहा आणि येत्या तपासणीला तो कागद घेऊनच जा. उपासाचं कलम डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळल्यावर भरू.

तुमची लेक