आईला ‘तू बस’ म्हणू नका

लीड्स,
रविवार, एप्रिलअखेर

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार.

आईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या केसपेपरचा फोटो नीट वाचता आला. मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन, त्यावर एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम सकाळी, झोपेसाठी क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम रात्री, महिन्याने पुन्हा दाखवायचं. एस्सिटालोप्रामची आईच्या वयाला सुरुवात ५ पासूनच करतात आणि पासष्टीनंतर सहसा १० च्या वर नेत नाहीत. त्यामुळे ‘एवढुशा गोळीने काय होणार’ हा विचार सोडून दे. दादा, तू विचारलंस, आठ दिवसांत फरक नाही तर बंद करू का? अजिबात नको. पहिल्या पंधरवड्यात या गोळीचा फायदा कमी आणि त्रास जास्त जाणवतो: मळमळ, पोट ढिलं होणं, थोडी अस्वस्थता. बहुतेकांची मळमळ आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. गोळी नाश्त्यानंतर द्या, उपाशीपोटी नको. एकादशीला उपास असेल तर दूध-केळं खाल्ल्यावर. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि गोळी लागू पडते की नाही हे चार ते सहा आठवड्यांनी ठरवतात. बदल बहुधा आईच्या आधी तुम्हाला दिसेल. झोप आणि भूक आधी सुधारेल, ‘बरं वाटतंय’ हे तिच्या तोंडून सगळ्यात शेवटी येईल.

आता मला ज्याची काळजी आहे ते. आईची बीपीची गोळी आपल्या फॅमिली डॉक्टरांची, ती केसपेपरवर नाही. पाकिटावर नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ आहे का बघ. असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध असण्याची शक्यता आहे. ते आणि एस्सिटालोप्राम दोन्ही रक्तातलं सोडियम उतरवू शकतात, म्हाताऱ्या माणसांत जास्त. गोळी सुरू झाल्यापासून दोनेक आठवड्यांनी सोडियम तपासून घ्या. मध्येच ती गोंधळल्यासारखी बोलू लागली, चालताना झोक जाऊ लागला, डोकं दुखून गळून गेली, तर ‘डिप्रेशन वाढलं’ असं समजून घरी बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. गुडघ्यांसाठी ती डायक्लोफेनॅक घेते, तेही डॉक्टरांना सांगा. ती आणि एस्सिटालोप्राम एकत्र घेतल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच काळी दिसली तर थेट कॅज्युअल्टी. गुडघ्याला सध्या पॅरासिटामॉल पुरेल का, ते विचारा.

लिहून दिलेल्या रक्ततपासण्या अजून राहिल्या आहेत, त्या याच आठवड्यात उरका. थायरॉइड मंदावला, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी असलं, तरी माणूस असाच दिसतो: थकलेला, विसराळू, कशात मन नसलेला. आई शाकाहारी, त्यात साखरेसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिनमुळे बी-१२ घटतं. ते कमी निघालं तर इंजेक्शनं किंवा गोळ्या घ्याव्या लागतील, नुसत्या डाळी-भाज्यांनी ते भरून येत नाही. डी जीवनसत्त्वाची आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दिली तर ती किती आठवडे घ्यायची ते कागदावर लिहून घ्या. संपली की मेडिकलमधून आणत राहायचं, असं वर्षभर चाललं तर तेही बाधतं. आणि कानांची तपासणी. ऐकू कमी आलं की माणूस आधी गप्पांतून उठतो, मग गप्पा सुरू असलेल्या खोलीतून.

क्लोनाझेपामबद्दल पुढच्या भेटीत एकच प्रश्न विचारा, ही कधी थांबवायची? पहिले काही आठवडे झोपेला तिचा आधार असतो, पण सवय लागते आणि रात्री उठताना पाय लटपटतात. संडासच्या वाटेवर बारीक दिवा ठेवा, पायपुसणं उचला. महिनोन्महिने घेतल्यानंतर ती एकदम सोडायचीही नसते, हळूहळू उतरवतात. एस्सिटालोप्रामची अशी चटक लागत नाही, पण अचानक तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज सरकल्यासारखं होतं. लोक त्यालाच ‘सवय लागली’ म्हणतात. पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, या वयात बहुधा वर्षभर चालू ठेवतात. शेजारच्या काकूंनी दिलेली अश्वगंधा सध्या बाजूला ठेवा. तिनेही झोप येते, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, आणि दोन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या की त्रास कशाने झाला ते कळतच नाही. दृष्ट मात्र खुशाल काढा. मीठ-मोहरीचा या गोळीशी काही वाद नाही.

आता मुख्य मुद्दा. वहिनी, तुम्ही प्रेमापोटी करताय हे मला कळतं, पण लिहिते. आई पोळ्या लाटायला उठली की तुम्ही म्हणता, ‘तुम्ही बसा, मी करते.’ दादा दूध, भाजी, बँकेचं पासबुक सगळं स्वतः बघतो. चाळ पाडून टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर दारं बंद. गॅलरीत उभं राहून तांदूळ निवडता निवडता दिवसाला दहा माणसांशी बोलणं व्हायचं, तेही गेलं. डिप्रेशनमध्ये माणूस कमी करतो, कमी केलं की समाधान देणारं काही घडत नाही, म्हणून मन आणखी खाली जातं, म्हणून आणखी कमी करतो. घरच्यांनी उरलेलंही काम काढून घेतलं की हे चक्र जोरात फिरतं. ‘बरं वाटलं की करेन’ याची वाट बघायची नसते. आधी थोडं करायचं, वाटणं मागून येतं. गोव्यात संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमका हाच उपचार दिला. देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली गावातलीच माणसं होती, आणि भेटी साधारण सहा ते आठ. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले, नेहमीच्या उपचारापेक्षा फरक ठळक होता.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. जुनी डायरी घ्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने पाडा. आईने काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, ० ते १० मध्ये. दोन वेगळे आकडे विचारा: मजा किती वाटली, आणि काहीतरी केल्याचं समाधान किती. दुपारभर पडून राहण्यापुढे बहुतेक १ किंवा २ दिसेल. नातवाचा डबा भरण्यापुढे ४. हा ४ कुठे पडतो ते शोधायचं आहे.

दुसऱ्या आठवड्यात रोज तीन गोष्टी ठरवा: एक अंगाची हालचाल, एक हाताचं काम, एक माणसांत जाणं. प्रत्येक इतकी लहान हवी की वाईट दिवशीही जमेल. ‘भाजी कर’ हे मोठं काम झालं, त्यात सात-आठ पायऱ्या आहेत आणि सध्या तिला पहिलीच सुचत नाही. ‘साडेदहाला मेथीची एक जुडी निवडून दे’ हे चालेल. वेळ घड्याळाची हवी, मनाची नको. चार-पाच दिवस जमलं की फोडणी तिची, मग पूर्ण भाजी. सध्या मसाल्याचा हंगाम आहे. तिला खाली मसाला गल्लीत नेऊन मिरची पारखायला लावा. बेडगी किती, संकेश्वरी किती हे घरात तिच्याइतकं कुणाला कळतं? ते खरंच तिच्यावर सोडा, दुकानदाराशी भावही तिलाच करू द्या.

हे बिघडतं कुठे, तेही सांगते. एक, पायरी फार मोठी ठेवली जाते. दुसरं, तिने निवडलेली मेथी तुम्ही तिच्यासमोर पुन्हा निवडता. एवढ्याने महिन्याची मेहनत जाते. तिसरं, लहान मुलासारखं कौतुक: ‘अरे वा, आईंनी आज भाजी निवडली!’ आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला ते टोचतं. ‘मेथी छान झाली’ एवढं पुरे. आणि वाईट दिवशी सगळंच रद्द करू नका, अर्धं करा. वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटं चाला, पण चपला घाला.

चालण्याचं: आधी सकाळी दहा मिनिटं, सातच्या सुमारास, उन्हं अंगावर येतील असं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर थांबा, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग. सकाळचा उजेड झोपेचं घड्याळही जागेवर आणतो. रविवारी राणीची बाग, बुधवारी ती बंद असते. जूनपासून पावसात पार्किंगमध्ये चाला, फरशी ओली नाही ना बघून.

झोपेत उठण्याची वेळ महत्त्वाची, झोपण्याची नाही. रात्र कशीही गेली तरी सहाला उठणं. दुपारी वीस-तीस मिनिटं, तीनच्या आधी, तीही खुर्चीत. चारनंतर चहा नको. (तुम्ही सगळे सातला पिता आणि तिला एकटीला नाही म्हणता, ते चालणार नाही. सगळ्यांनीच सोडा.) पहाटे तीनला जाग आली आणि अर्ध्या तासात डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा बाहेर येऊन बसावं, मंद दिव्यात जपमाळ ओढावी, पेंग आली की परत जावं. मोबाइल तेवढा नको.

खाण्यात फार बारकावे नाहीत. भूक मेल्यामुळे ती चहा-बिस्किटांवर आहे, त्यात प्रथिनं फारशी नाहीत. सकाळी मुगाचं धिरडं, जेवणात वाटीभर दाट वरण, दही, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, एवढं बघा.

भजनी मंडळात तिला परत न्या, पण गायला नाही. पहिल्या दोन खेपांना अर्धा तास नुसतं मागे बसून यायचं, आणि हे मंडळातल्या बायकांना आधी सांगून ठेवा. कुणी खोदून विचारलं तर ‘औषध चालू आहे, फरक पडतोय’ पुरे. घरी सकारात्मक विचार करायचे सल्ले आणि ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य दोन्ही बंद. दुसऱ्याने तर तिचा अपराधीपणाच वाढतो. मराठीत बोलणारे समुपदेशक हवे असतील तर ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पहिल्याच भेटीत विचारा, साधारण किती भेटी लागतील आणि घरी करायला काय द्याल. नुसतं ऐकून घेऊन पाठवणारा फार उपयोगाचा नाही.

एक प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचा आहे, तोही सरळ. ‘आई, जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलल्याने भार हलका होतो. पहिल्या काही आठवड्यांत अंगात बळ आधी येतं आणि मन मागे राहतं, म्हणून तेव्हा विशेष लक्ष ठेवा. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या एका कुलपात, बाहेर फक्त आठवड्याच्या. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, रडू नका, तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी केईएमला न्या, आणि रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. तसंच ती कधी अचानक फार उत्साहात आली, झोपेशिवायही ताजी, भराभर बोलणारी, पैसे उधळणारी, तर ती खुशखबर समजू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

सुधारणा अंदाजाने मोजू नका. पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे, गुण ० ते २७. दर दुसऱ्या रविवारी तिने स्वतः भरायची. पाच गुण उतरले तर फरक खरा, निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं, पाचाच्या खाली आलं की बरी झाली असं धरतात. सहा आठवड्यांनीही आकडा जागचा हलला नाही, तर डॉक्टर डोस वाढवतील किंवा गोळी बदलतील. पहिल्याच गोळीने काम होत नाही असं पुष्कळांच्या बाबतीत घडतं, त्यात आईचा किंवा तुमचा काही दोष नाही.

वहिनी, आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची. त्या दिवशी आईजवळ दादा बसेल, आणि ऑफिसचा लॅपटॉप मिटून बसेल.

पुढच्या भेटीला डायरी, प्रश्नावलीचे आकडे, रक्ताचे रिपोर्ट आणि ती घेते त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. दादा, बीपीच्या पाकिटाचा फोटो मला आजच पाठव, मागची बाजू दिसेल असा.

तुमची,
धाकटी