आमच्या मोळीलाही एक कागद द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मुक्काम: रविभवन, नागपूर (अधिवेशनापुरता)

विषय: जप्त झालेली एक कुऱ्हाड

साहेब, सादर नमस्कार.

मी रामटेक तालुक्यातल्या जंगलाकाठच्या एका गावात आशा सेविका आहे. १९५३ च्या नागपूर कराराच्या कृपेने सरकार वर्षातून एकदा आमच्या जिल्ह्यात मुक्कामाला येतं. आमच्याकडे हिवाळ्यात पाहुणा आला की आधी त्याच्या आंघोळीचं पाणी ठेवतात, बाकी विचारपूस मागून. तुमचं पाणी रविभवनात गिझरवर तापत असेल. आमचं चुलीवर तापतं, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई मोळी घेऊन येत होत्या. वाटेत त्यांना अडवलं, मोळी सोडायला लावली आणि कुऱ्हाड ठेवून घेतली. कोणत्या नाक्यावर, कोणी, ते मी लिहीत नाही. ज्याने घेतली तोही बिचारा वरच्या साहेबाला घाबरणाराच. पण त्याने पावती दिली नाही. मी दुसऱ्या दिवशी विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "कसली कुऱ्हाड?"

आता जरा आमचा हिवाळा सांगते. नोव्हेंबरात धान बांधीतून खळ्यावर येतं आणि बायांचे हात मोकळे होतात. तणीस गुरांना लागते, ती जाळता येत नाही. काटोल-सावनेरकडे कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीला कामी येतात, पण त्या शेतातून निघेपर्यंत होळी जवळ येते. थंडी काही होळीसाठी थांबत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन ओल्या बाळंतिणी होत्या. बाळाला आईच्या छातीशी धरा, टोपी-मोजे घाला, हे मी सांगत होतेच, पण त्या घरांना पहिली गरज पाण्याच्या गुंडाखाली जाळाची होती.

म्हणून या दिवसांत चार-पाच बाया मिळून निघतात. धुकं विरलं की निघायचं, त्याआधी नाही. पावसाळ्यानंतरचं गवत अजून छातीएवढं उभं असतं, दहा पावलांवर काय बसलं आहे ते कळत नाही. एकमेकींना सतत हाक देत राहायचं. हाकेला उत्तर आलं नाही तर लाकूड टाकून सगळ्यांनी एका जागी यायचं, हा नियम कोणी लिहून दिलेला नाही, पण मोडतही कोणी नाही. धावड्याचं वाळलं लाकूड मिळालं तर दिवस चांगला, त्याचा विस्तव रात्रभर टिकतो. ऐनही चालतो. पळस नुसता धूर करतो. तेंदू चुलीत तडतडतो, लेकरं जवळ बसली असतील तर नको. मोहाला कुऱ्हाड लावायची नाही, तो पोट भरतो. आणि सागाकडे तर बघायचंही नाही, कारण सागाची काडी म्हणजे थेट केस. जुन्या लुगड्याची चुंभळ, पळसाच्या मुळीचा नाहीतर नायलॉनचा दोर, आणि परतीची चार-पाच किलोमीटरची वाट.

एकदा मी सासूबाईंची मोळी आमच्या उपकेंद्रातल्या काट्यावर ठेवली. २७ किलो. मग त्यांना उभं केलं. ४१. गरोदर बाईने ओझं उचलू नये हे मी घरोघरी सांगते, आणि सहाव्या महिन्यातली बाई मला जंगलाच्या वाटेवर भेटते तेव्हा आम्ही दोघीही दुसरीकडे बघतो.

तुमचा प्रश्न मला माहीत आहे: गॅस दिला ना? दिला. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, जोडणी आमच्या घरीही आहे. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर फुकट मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. चुलीच्या धुराने खोकणाऱ्या बाया मी रोज बघते, मीच त्यांना गॅस वापरा म्हणते. पण सहा माणसांच्या घरात १४.२ किलोच्या टाकीवर चहा-भाजी केली तर ती दीड महिना पुरते, आणि आंघोळीचं पाणीही त्यावरच तापवलं तर महिनाही नाही. चौथ्या सिलिंडरपासून सबसिडी वजा जाता उरलेले पैसे एकदम मोजावे लागतात, आणि मजुरी तर एकदम मिळत नाही. गॅसमुळे मोळ्या कमी झाल्या हे खरं आहे, संपल्या मात्र नाहीत. योजनेच्या कागदावर त्या संपल्या असतील तर तो कागद थंडीत कधी बाहेर झोपलेला नसणार.

आणि सरपण फक्त आम्हीच जाळतो असंही नाही. नागपूर ज्या लांब रोटीची मिरवणूक काढतं ती उपड्या माठावर, लाकडाच्या जाळावरच भाजली जाते. अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडतात, तिथे पहाटे पोलीसदादा हात शेकत बसलेले असतात. ते लाकूड कुठून आलं हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये, थंडी सगळ्यांनाच वाजते.

आमच्याकडूनही चुका होतात, ते लपवून पत्राला अर्थ नाही. काही जण उभ्या झाडाची साल सोलून ठेवतात, म्हणजे झाड वाळतं आणि पुढच्या वर्षी "वाळलं लाकूड" म्हणून तोडता येतं. काही जण सायकलवर दोन-दोन मोळ्या लादून धाब्यांना विकतात. त्यांना धरा. पण आज घरच्या चुलीसाठी पडलं लाकूड आणणारी म्हातारी आणि साल सोलणारा, दोघांत फरक करायला नाक्यावरच्या माणसाकडे काहीच साधन नाही. ज्याला अडवणं सोपं, त्याला अडवलं जातं. साल सोलणारा रात्री जातो.

माझी मागणी फार लहान आहे. जंगलातून जे जे बाहेर पडतं त्याला कागद असतो. सागाच्या लठ्ठ्यावर हातोड्याची खूण आणि ट्रकवाल्याच्या खिशात वाहतूक पास. तेंदूपत्त्याला कागद. पेंचमध्ये वाघ बघायला जाणाऱ्या जिप्सीलाही परमिट, आणि ते तर जंगलातून फोटो सोडून काही आणतही नाहीत. फक्त डोक्यावरच्या मोळीला कागद नाही. १९२७ चा वन कायदा असं धरून चालतो की उलट सिद्ध होईपर्यंत वनोपज सरकारची. ४१ किलोच्या बाईने, डोक्यावर २७ किलो घेऊन, वाटेत उभं राहून हे उलट सिद्ध कशाने करायचं?

पूर्वी असा कागद होता. हा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हापासून आमच्याकडे निस्तार हा शब्द आहे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याचा गावाचा हक्क. १९५१ साली मालगुजारी (आमच्याकडची जमीनदारी) गेली, तेव्हा गावाचं जळतण, कुंपणाची काटेरी, नांगर-बखराचं लाकूड कुठून मिळेल हे निस्तार पत्रकात लिहून ठेवलं होतं. नवा कायदाही हेच म्हणतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचा हक्क नावानिशी आहे, आणि गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या यादीत झुडपी लाकूड आणि खुंटही आहेत. २०१२ ला नियम दुरुस्त झाले, त्यात गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेल्या समितीने द्यावा असं आलं. आमच्याच विदर्भातल्या गडचिरोलीत, एप्रिल २०११ मध्ये, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढा-लेखा गावात आले आणि बांबूच्या परवान्यांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबूला जमलं ते वाळक्या फाट्याला का जमू नये? यासाठी नवा कायदा नको, मुंबईची फाइलही नको. तुमच्या खात्याचं मुख्यालय इथेच सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, रविभवनातून चहा निवायच्या आत पोहोचाल.

म्हणजे नेमकं काय हवं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्याचे दोन वार ठरवा. कोणत्या भागात जायचं ते गावाला आधी सांगा. वाघीण पिल्लं घेऊन कुठे फिरते ते तुमच्या माणसांना माहीत असतं, आम्हाला ते नंतर कळतं. त्या दिवशी एक वनरक्षक किंवा गावातलाच हंगामी मजूर सोबत असू द्या. घरटी एक मोळी, पडलेलं-वाळलेलंच, आणि प्रत्येकीच्या हातात ग्रामसभेचा शिक्का असलेली चिठ्ठी. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आम्ही मागत नाही, बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, आणि प्रादेशिक जंगलाचंच म्हणते. आणि रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं काढायला तुम्ही दरवर्षी पैसे खर्च करता, ती आम्हाला तोडू द्या. काटे लागतात, पण जळते छान. जंगलात गवतही वाढेल आणि तुमचा खर्चही वाचेल.

वाघाने माणूस मारला तर सरकार २५ लाख रुपये देतं. आमच्या गावात ही रक्कम सगळ्यांना पाठ आहे. सासूबाई तर चेष्टेने म्हणतात, "मी मेली तं तुमचं घर होते, जिवंत आली तं कुराड जाते." मला हसू येत नाही, पण त्या हसतात.

शेवटी त्या कुऱ्हाडीचं. लोखंड जुनं आहे, एका बाजूला टवका उडालेला. दांडा तिवसाचा, सासऱ्यांनी हाताने तासलेला, मुठीजवळ लाल चिंधी गुंडाळलेली आहे. सासरे आता नाहीत. कुठल्या खोलीच्या कोपऱ्यात पडलेली दिसली तर पाठवून द्या, पावती मी देईन. परवा सासूबाई पुन्हा जाणार आहेत, शेजारणीची कुऱ्हाड मागून आणली आहे.

आपली,
एक आशा सेविका
तालुका रामटेक, जिल्हा नागपूर