दोनशे दहा पानं

लातूर,
येळवशीनंतरचा सोमवार

चि. विनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी "सगळं फाडून टाकतो" म्हणालास आणि फोन ठेवलास. नंतर दोनदा लावला, उचलला नाहीस. म्हणून लिहायला बसले. 72 च्या दुष्काळावरच्या तुझ्या कादंबरीची पानं फाडू नकोस. हे एकदाच सांगते, मग कामाचं बोलते.

तुझ्या अक्षरात फुलस्केपच्या एका पानावर साधारण 250 शब्द बसतात. 210 पानं म्हणजे 52 हजारांच्या वर. तू सांगितलेल्या गोष्टीला अजून वीसेक हजार लागतील. रोज 500 धरले तर चाळीस दिवस. एवढंच राहिलंय, आणि तू पहिलं प्रकरण सातव्यांदा लिहीत बसलायस. शेवट कागदावर आल्याशिवाय सुरुवातीला काय दाखवायचं आणि काय झाकून ठेवायचं हे कुणालाच ठरवता येत नाही. सातवं लिहिलंस तरी ते चुकीचंच वाटणार, कारण ते कशाशी ताडून बघायचं तेच अजून नाही. पहिलं प्रकरण आहे तसं सोड. अडलास तर चौकोन काढून आत लिही, "इथं हजेरीवरून भांडण", आणि पुढं जा. पहिल्या खर्ड्यात चौकोन चालतात. कोरे दिवस चालत नाहीत.

शेवट झाला की गठ्ठा बांधून सहा आठवडे हात लावू नकोस. नंतर दोन बैठकांत सगळं वाच, हातात पेन न घेता. पेन घेतलंस की वाक्यं दुरुस्त करत बसशील आणि गोष्ट कुठं ढिली पडली ते दिसणार नाही. मग एक वही आडवी धर आणि सहा रकाने आख. प्रसंगाचा नंबर, पानं, ठिकाण, तिथी किंवा तारीख, कुणाच्या नजरेतून, आणि प्रसंगाअखेर काय बदललं. शेवटचा रकाना खरा. तो कोरा राहिला तर तो प्रसंग काढायचा, नाहीतर शेजारच्यात मुरवायचा. तुझ्या खडीकेंद्रावर तीनदा मुकादम मोजमापात काटतो आणि तीनदा सरूबाई गप्प बसते. दुसऱ्यांदा तिच्या शेजारची उठून जाते, म्हणून दुसरा ठेव. बाकी दोन काढ, पण फेकू नकोस. "काढलेलं" असं लिहून वेगळ्या फाईलमध्ये लाव. त्यातली एखादी ओळ पुढं हमखास लागते.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा. आधी प्रसंगांची जागा, मग नजर, मग संवाद, मग वाक्यं, सगळ्यात शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. उलटं केलंस तर घासूनपुसून चकचकीत केलेलं पान काढायला मन होत नाही, आणि नको असलेला प्रसंग केवळ चांगला लिहिलाय म्हणून राहून जातो. दुसरा खर्डा टाइप करशील तेव्हा नक्कल करू नकोस. कागद शेजारी ठेव, वाच, उलटा कर आणि मग लिही. जे आठवत नाही त्यातलं बरंच गरजेचं नसतं.

आता तपशील. येळवशीच्या रात्री सरूबाई चंद्राच्या उजेडात विहिरीवर जाते असं लिहिलंयस. विनू, येळवस म्हणजे वेळ अमावस्या! कंदील दे तिच्या हातात, आणि रॉकेल किती उरलंय तेही येऊ दे, प्रसंगाला धारच येईल. लातूर जिल्हा 1982 साली झाला, तुझ्या दुष्काळात औसा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता, तेव्हा कलेक्टर लातुरातून येणार नाही. रोजगार हमीचा कायदा 1977 चा. 72 साली बाया "दुष्काळी काम" म्हणत. दुष्काळात वाटलेली मिलो ज्वारी आणि सुकडी बरोबर आहे.

बोलीचं तर फार जपायला हवं. औशाची सरूबाई "काय करलालास" म्हणेल, बीडकडून आलेली तिची सून "मपलं-तुपलं" म्हणेल. तू दोघींच्या तोंडी दोन्ही घातलंयस, त्यानं कुणीच कुठली राहत नाही. "लई" लिहायचं की "लय", हे वहीच्या मागच्या पानावर एकदा नोंदव आणि शेवटपर्यंत तेच ठेव. संवाद मोठ्यानं वाच. जीभ अडखळली की तिथं खूण कर.

वाचायला दोघा-तिघांना दे, जास्त नको, आणि "आवडलं का" विचारू नकोस. कुठं थांबलात, कुठं मागं जाऊन वाचावं लागलं, एवढंच विचार. दोघं एकाच पानावर थांबले तर चूक त्याच्या आसपास आहे, बऱ्याचदा दहा-पंधरा पानं आधी.

वर्ग घ्यायला लागले बघ. तू तर भांडून फोन ठेवलेला पोरगा, तुला हे आत्ता नको असेल. माफ कर. पण ती पानं जागेवर आहेत ना?

तिसऱ्या प्रकरणात सरूबाईच्या तळहाताला फोड आलेत. खडी फोडताना पहिल्यांदा डावा अंगठा जातो, दगड त्याच हातानं धरायचा असतो म्हणून. अक्काच्या अंगठ्याचं नख आठव. तू सहा वर्षांचा होतास, तिच्या बाजेवर बसून ते काळं नख दाबून बघायचास आणि विचारायचास, "दुखतंय का अजून?" ती म्हणायची, "न्हाई रं, आता ते मपलं न्हाई, दगडाचं हाय." तिचं माहेर बीडकडचं, हे तू विसरलास. "मपलं" कुणाच्या तोंडात शोभतं ते तुला तिथंच सापडेल.

आणि म्हणूनच सारखं सांगते. ऑक्टोबरात तू फोटो पाठवलेस ती 90 पानं माझ्याकडं आहेत. त्यातलं सुकडीच्या रांगेचं पान बाबांनी दुकानात नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं, तुला सांगू नको म्हणाले. पण पुढची 120 फक्त तुझ्या खोलीत आहेत. त्यात अक्काचं शेवटच्या उन्हाळ्यातलं बोलणं आहे, जे तू तिच्या उशाशी बसून टिपलंस. आता विचारायला ती नाही. खर्डा वाईट असेल, मान्य. पहिला खर्डा वाईटच असतो, त्याचं कामच ते. कादंबरी सोडलीस तरी मी एका शब्दानं बोलणार नाही. तुझ्या नोकरीचं काढणार नाही, तात्या काय म्हणाले तेही सांगणार नाही. पानं मात्र राहू देत.

झोपतोस ना वेळेवर? रात्री दोननंतर लिहिलेलं सकाळी सगळं खोटं वाटतं, आणि फाडायची बुद्धीही त्याच वेळी होते.

येळवशीला आला नाहीस म्हणून उंडे आणि भज्जी डब्यात भरलीय. आंबिल टिकणार नाही. गुरुवारी रात्रीच्या गाडीनं नाना येतायत, त्यांच्याकडून घे. शनिवारी ते परत निघतील तेव्हा डबा द्यायचा आहे. तो रिकामा देऊ नकोस, त्यात त्या 120 पानांची झेरॉक्स ठेव.

तुझी,
आई

ता. क. झेरॉक्स एकाच बाजूनं काढ, पाठीमागं मला लिहायला जागा लागते. आणि पानांवर नंबर घाल, मधली आठ-दहा तू कधीच घालत नाहीस.