छायाचित्रातला निवडुंग चाऱ्याचा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दुष्काळी भागातील निवडुंगाच्या चाऱ्याविषयीच्या बातमीसोबत तिधारी निवडुंगाचे छायाचित्र छापले गेले आहे. माण-खटाव, जत, आटपाडीत बांधावर दिसणारा हा निवडुंग (युफोर्बिया अँटिकोरम) एरंडाच्या कुळातला. नख लावले की पांढरा चीक येतो. कातडीवर फोड उठतात, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते. जनावरापुढे टाकायची ही वस्तूच नव्हे.

चाऱ्यासाठी लावतात तो बिनकाट्याचा फड्या, ओपन्शिया फायकस-इंडिका, कॅक्टस कुळातला. मोडला तर चीक नाही, बुळबुळीत पाणी सुटते. फडी म्हणजे चपटे झालेले खोड. खरी पाने कोवळ्या फडीवर बारीक, टोकदार येतात आणि झडून जातात. फडीवरच्या डोळ्यांतून काटे, फुले, नव्या फड्या फुटतात. तिधारीला असे डोळे नसतात, धारेवर काट्यांच्या जोड्या असतात. बिनकाट्याच्या जातीतही डोळ्यांत बारीक कुसळे राहतातच, तेव्हा हातमोजे हवेत.

एका जातीचा अपवाद सोडला तर सारे कॅक्टस कूळ मूळचे अमेरिका खंडातले. चाऱ्याचा फड्या मेक्सिकोत माणसाने जोपासला. मुरमाड माळ त्याला चालतो. पाणी धरणाऱ्या काळ्या रानात मुळे कुजतात. तोडलेली फडी लगेच लावली तर जखमेतून सडते. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून जखम वाळू द्यावी, मग तिसरा हिस्सा मातीत जाईल अशी उभी लावावी आणि पाण्याची घाई करू नये. ओल्या फडीत सुमारे ९० टक्के पाणी, प्रथिने बेताची. नुसती घातली तर जनावराला हगवण लागते. तुकडे करून कडब्यात मिसळावी.

कुंपणाचा लाल बोंडांचा काटेरी फड्याही ओपन्शियाच आणि तोही अमेरिकेचाच. त्याच्या बंदोबस्तासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील कीड भारतात आणली गेली. ती बिनकाट्याच्या भाऊबंदालाही सोडत नाही. मोरोक्कोत २०१४ पासून तिने फड्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या. फडीवर पांढरा कापशी पुंजका दिसला आणि चिरडल्यावर बोट लालभडक झाले, तर ती हीच. लागवडीलगतचे जुने फड्याचे बेट म्हणूनच आधी काढावे, आणि किडलेल्या फड्या बांधावर न फेकता खोल पुराव्यात.

– वनस्पतिशास्त्राचे एक शिक्षक, दहिवडी (जि. सातारा)