‘ए. एस.’ की ‘ए. ए. एस.’, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळची कागलची. 2008 पासून न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि इथल्या एका दातांच्या दवाखान्यात डेंटल हायजिनिस्ट म्हणून, म्हणजे पेशंटचे दात-हिरड्या तपासून साफ करायचं, काम करते. पहिला पेशंट यायच्या आधी गाडीत बसून आपला ई-पेपर वाचायचा, हा माझा रोजचा शिरस्ता आहे. गेल्या महिन्यात आपल्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांवर, म्हणजे दोन वर्षांची डिग्री देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांवर, एक लेख आला. लेखात चूक काही नव्हती, पण फी किती वाचते याच्या पुढे तो गेलाच नाही. त्याच पानावर खाली एका सल्लागार संस्थेची जाहिरात होती : कमी खर्चात अमेरिकन डिग्री, दोन वर्षांत नोकरी.

ती वाचल्यापासून चैन पडत नाही. दोन वर्षांची डिग्री घेऊन मला नोकरी मिळाली हे खरं आहे. माझ्या कागलच्या मैत्रिणीच्या मुलाला मात्र त्याच डिग्रीवर इथं पाय रोवता येणं शक्यच नव्हतं, आणि हे त्याला विमानात बसण्याआधी कुणीही सांगितलं नाही. ही गोष्ट आपल्या वाचकांपर्यंत पोचावी म्हणून लिहिते आहे.

आधी माझं सांगते. बी. कॉम. होऊन लग्न करून मी इथं आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे एच-4 वर. त्या व्हिसावर शिकता येतं, पण तेव्हा नोकरी करता येत नव्हती. तीन वर्षं घरात काढली. मग 2011 मध्ये आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजात, मिडलसेक्स कॉलेजात, इंग्रजीचा एक आणि रसायनशास्त्राचा एक असे दोनच विषय घेतले. ही जागा पूर्वी सैन्याचं दारूगोळ्याचं कोठार होती, रॅरिटन आर्सेनल. आता तिथं एकाच वर्गात अठरा वर्षांची पोरं बसतात आणि रात्रपाळी करून आलेले पन्नाशीतले बापेही. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईचा मुलगा त्याच कॉलेजात शिकत होता. मला कुणी ‘या वयात?’ असं विचारलं नाही. या कॉलेजाची मला सगळ्यात आधी आवडलेली गोष्ट ती.

डेंटल हायजिनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा म्हणतात. पण त्यात प्रवेश मिळण्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र हे सगळं चांगल्या गुणांनी पार पाडावं लागतं. माझी त्यात दोन वर्षं गेली. म्हणजे दोन वर्षांची डिग्री मला चार वर्षांना पडली. जाहिरातीत हे कधी येत नाही.

कॉलेजच्या दवाखान्यात आम्ही खऱ्या पेशंटवर शिकलो. हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत खुणा केलेली बारीक सळई अलगद उतरवायची आणि मिलिमीटर मोठ्यानं सांगायचे : तीन, दोन, तीन, चार, तीन, पाच. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. मग बाई यायच्या आणि मी साफ केलेल्या एकेका दातावरून टोकदार हत्यार फिरवून बघायच्या. कुठं खुट्ट झालं की तो दात पुन्हा. कीटण डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं, हे माझ्या हाताला समजायला पहिलं अख्खं सत्र लागलं. शेवटच्या परीक्षेला पेशंट आपला आपण शोधून न्यावा लागायचा, आणि त्याच्या दातांवर परीक्षकांना हवं तेवढं कीटण असावं लागायचं. मराठी मंडळातले एक काका माझ्यासाठी सुट्टी टाकून आले. पंचवीस वर्षं तंबाखू खाल्लेले त्यांचे दात. साडेतीन तास तोंड उघडं ठेवून बसले आणि घरी सोडताना म्हणाले, ‘पोरी, पास हो म्हणजे झालं.’ त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मे 2015 मध्ये माझी डिग्री हातात आली. त्याच महिन्याच्या 26 तारखेपासून, ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेला आहे अशा एच-4 वाल्यांना नोकरीचा परवाना मिळू लागला. मी अभ्यासक्रमाला बसले तेव्हा हा नियम नव्हता. शिकून नोकरी मिळेलच याची खात्री नसताना मी शिकले, आणि नशिबानं दार उघडलं. लायसन्स आलं, परवाना आला, डिसेंबरात पहिला पगार आला. या कामाला इथं मान आहे आणि पैसाही आहे : अमेरिकेच्या कामगार खात्याच्या 2023 च्या आकडेवारीत डेंटल हायजिनिस्टचं मधलं वार्षिक वेतन 87 हजार डॉलरच्या आसपास आहे. डिग्री दोन वर्षांची, नाव ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’. इथं तिला ए. ए. एस. म्हणतात.

ही तीन अक्षरं लक्षात ठेवावीत अशी माझी वाचकांना विनंती आहे.

मैत्रिणीचा मुलगा चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्याच दुसऱ्या एका काउंटीच्या कॉलेजात आला. विद्यार्थी व्हिसा, एफ-1. वडिलांनी गडहिंग्लजचा प्लॉट तारण ठेवून कर्ज काढलं होतं. कोल्हापुरातल्या सल्लागारानं सांगितलं होतं, दोन वर्षं इथं स्वस्तात कर, मग युनिव्हर्सिटी तुला सरळ तिसऱ्या वर्षाला घेते. पोरगं हुशार, कष्टाळू. संगणकाचा अभ्यासक्रम घेतला, चांगले गुण मिळवले. चौथ्या सत्रात युनिव्हर्सिटीचं पत्र घेऊन एका रविवारी आमच्याकडं आला. जेवला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘मावशी, बासष्ट क्रेडिटांतले सत्तावीसच धरलेत.’

मी कागद वाचला. वर कोपऱ्यात त्याच्या डिग्रीचं नाव होतं : ए. ए. एस.

न्यू जर्सीत 2007 साली कायदा झाला. काउंटीच्या कॉलेजातून ए. ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए. एस. (असोसिएट इन सायन्स) करून राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला, तर निम्मी पदवी झाली असं धरून पुढं घेतात. ए. ए. एस.ला हे संरक्षण नाही, कारण त्या मधल्या ‘ए’चा अर्थ ‘अप्लाइड’, म्हणजे हाताला काम देणारं शिक्षण. त्यात नेटवर्कची जोडणी, दुरुस्ती, अमुक एका कंपनीची प्रमाणपत्रं शिकवतात, कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र सहसा नसतं. कॉलेजनं फसवलं नव्हतं. त्यांच्या पुस्तिकेत दोन्ही डिग्र्या वेगवेगळ्या छापल्या होत्या, एकमेकांच्या खाली. मुलानं ज्या नावात ‘सायन्स’ दिसलं त्यावर खूण केली. सल्लागाराला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही सारखंच.

सारखं नाही. ही कॉलेजं मुळात दोन निरनिराळ्या कामांसाठी वाढत गेली. असं पहिलं सरकारी कॉलेज 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात निघालं, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. घर सोडून शहरात राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांनी पदवीची पहिली दोन वर्षं गावातच करावीत हा त्यामागचा विचार. दुसरं काम नंतर जोडलं गेलं : गावातल्या दवाखान्याला, कारखान्याला, अग्निशमन दलाला लागणारी माणसं गावातच तयार करायची. नर्स, क्ष-किरण तंत्रज्ञ, वेल्डर, माझ्यासारख्या हायजिनिस्ट. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पहिल्या वाटेनं आयलीन कॉलिन्स गेल्या. 1976 साली त्यांनी कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची डिग्री घेतली, पुढं सिराक्यूजला शिकल्या, आणि 1999 मध्ये स्पेस शटल या अमेरिकी अवकाशयानाच्या मोहिमेचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला झाल्या.

पण भारतातून एफ-1 वर येणाऱ्या मुलासाठी दुसरी वाट जवळजवळ बंद आहे. दोन वर्षांच्या डिग्रीनंतर त्याला एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना जी दोन वर्षांची मुदतवाढ मिळते, ती बॅचलर्स किंवा त्यापुढच्या पदवीलाच आहे, असोसिएटला नाही. पुढं नोकरीसाठी लागणाऱ्या एच-1बी व्हिसालाही किमान बॅचलर्सच्या पातळीचं शिक्षण लागतं. म्हणजे माझीच ए. ए. एस. घेऊन तो मुलगा कितीही चांगलं काम करू लागला, तरी वर्षाच्या शेवटी त्याला सामान बांधावं लागलं असतं. मी काम करते ती डिग्रीच्या जोडीला व्हिसानं परवानगी दिली म्हणून. एकच कागद, पण ज्याच्या त्याच्या व्हिसाप्रमाणं त्याची किंमत बदलते. जाहिरात छापणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पहिली वाटही सरळ नाही, हे इथल्याच अभ्यासांतून दिसतं. कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश पुढं चार वर्षांच्या कॉलेजात जातात, आणि सहा वर्षांत बॅचलर्सपर्यंत पोचणारे शंभरातले सोळाच्या आसपास. यातल्या कित्येकांवर घर चालवायची जबाबदारी असते, अर्धवेळ शिकतात, काहींना बॅचलर्स करायचीच नसते, त्यामुळं हा आकडा कॉलेजच्या माथी मारू नये. पण ‘सरळ तिसऱ्या वर्षाला’ असं सांगताना पालकांसमोर तो ठेवायला हवा. फीचंही तसंच. जाहिरातीत दिसते ती बहुतेक वेळा काउंटीत राहणाऱ्याची फी. बाहेरच्याला बऱ्याच ठिकाणी दुप्पट किंवा त्याहून जास्त पडते, आणि वर राहण्याचा खर्च, कारण बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नसतं.

त्या मुलाचं पुढं काय झालं ते सांगते. आम्ही दोघं त्याच्या कॉलेजात गेलो. तिथं ट्रान्स्फरसाठी वेगळा समुपदेशक असतो, त्याच्याकडं तो दोन वर्षांत एकदाही गेला नव्हता. आपल्याकडं ऑफिसात जाऊन विचारायचं म्हणजे कारकून काय म्हणेल ही भीती असते, ती तो बरोबर घेऊन आला होता. त्या माणसानं तासभर बसवून एकेक विषय बघितला, डिग्री बदलून ए. एस. करून दिली. कॅल्क्युलस एक, कॅल्क्युलस दोन, भौतिकशास्त्र, इतिहास, अशी आणखी तीन सत्रं गेली. कर्ज वाढलं. मैत्रीण मला फोनवर म्हणाली, ‘हे सगळं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो आता युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. हे पोरगं सगळा वेळ घरच्यांनाच काय, गावातल्या मित्रांनाही ‘युनिव्हर्सिटीत आहे’ असं सांगत होतं. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोक कमी समजतात म्हणे. मी शिकत होते तेव्हा सासरच्या एका लग्नात मलाही कुणीतरी विचारलं होतं, ‘म्हणजे आयटीआयसारखंच ना ते?’ हो, काही अंशी तसंच, आणि माझे थोरले काका आयटीआयचे फिटर होते, त्यांच्या हातच्या कामाला एमआयडीसीत मान होता. लपवल्यामुळं नुकसान हे झालं की त्या मुलाला कुणाला विचारता आलं नाही. एडिसनमध्येच त्याच वाटेनं पुढं गेलेली चार-पाच मराठी मुलं मला माहीत आहेत. त्यातल्या एकाशी तो पहिल्या वर्षी बोलला असता तर दीड वर्ष वाचलं असतं.

संपादक महाशय, आपल्याकडं माझं एकच मागणं आहे. परदेशी शिक्षणाची जाहिरात घेताना सल्लागाराकडून डिग्रीचं पूर्ण नाव छापून घ्या : असोसिएट इन सायन्स की असोसिएट इन अप्लाइड सायन्स. त्याखाली, ती कोणत्या युनिव्हर्सिटीत लेखी कराराप्रमाणं धरली जाते, आणि छापलेली फी परदेशी विद्यार्थ्याची आहे का, एवढं दोन ओळींत येऊ द्या. जागा फार लागणार नाही. पुढच्या प्रवेशांच्या जाहिराती जानेवारीत सुरू होतात, त्याआधी हे व्हावं.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ गाव कागल, जि. कोल्हापूर)