‘मी’ म्हणायला शिकवलंत, मामा

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

पत्र चारचौघांत टाकतेय, म्हणून वाचणाऱ्यांसाठी आधी खुलासा. या मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, खोसा समाजातल्या बाई आहेत, आणि खोसा भाषेत वडीलधाऱ्या बाईला ‘मामा’च म्हणतात. वडील म्हणजे ‘ताता’. आईचा भाऊ मात्र ‘मालुमे’. आमच्याकडचे मामा मिशीवाले असतात असं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की बराच वेळ स्क्रीनवर नुसतं तुमच्या घराचं छत दिसत होतं.

आम्ही सहा-सात जण पुण्यात महिन्यातून एकदा जमून काहीतरी ऐकतो. या खेपेला संगीतकार फिलिप मिलर यांचं ‘रिवाइंड’ घ्यायचं ठरलं. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार उजेडात आणायला नेमलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे साध्यासुध्या माणसांनी दिलेल्या साक्षींच्या मूळ टेप, आणि त्यांच्या जोडीला एकल गायक, कोरस, तंतुवाद्यं. मिलर त्याला कँटाटा म्हणतात. मला विचाराल तर ऑपेराचीच ही सख्खी बहीण, फक्त नेपथ्य-वेशभूषेचा थाट नसलेली. पहिला प्रयोग १६ डिसेंबर २००६ ला, तुमच्या सलोखा दिनी, केप टाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये झाला. म्हणजे आयोगाचे अध्यक्ष डेस्मंड टुटू जिथे आर्चबिशप होते, तिथेच. नावामागे एक आई आहे. मार्च १९८६ मध्ये केप टाउनच्या गुगुलेथू वस्तीत पोलिसांनी सात तरुण मारले, त्यातल्या एकाची. मुलगा गेल्याचं तिला टीव्हीच्या बातम्यांत दिसलं. ही बातमी उलटी फिरवता आली असती तर, असं ती आयोगापुढे म्हणाली.

साक्षींचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी उतारे हाताशी होते, म्हटलं दोन रविवारांत उरकेल. कसलं उरकतंय! कानावर खोसा पडायची आणि कागदावरचं इंग्रजी फारच इस्त्री केलेलं वाटायचं. ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही त्या सुनावण्यांमध्ये दुभाषी होतात, एवढंच माहीत होतं. मग सहा शनिवार. तुमचे दुपारचे साडेचार, आमचे रात्रीचे आठ.

पहिल्याच शनिवारी मी वाचायला लागले, ‘ती म्हणते की तिच्या नवऱ्याला...’

तुम्ही थांबवलंत. ‘ती कोण?’

मग सांगितलंत की काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेल्या दुभाष्याला ‘ती म्हणते’ म्हणायची सोयच नव्हती. साक्षीदार ‘मी’ म्हणाली की दुभाष्यानंही ‘मी’ म्हणायचं. ‘माझ्या नवऱ्याला नेलं. मी दार उघडलं.’ दिवसभर दुसऱ्याचा मुलगा आपल्या तोंडून मरायचा. संध्याकाळी घरी कुणी विचारलं, आज काय झालं, तर तुम्हाला स्वतःला काहीच झालेलं नसायचं. हे तुम्ही वाटाणे सोलता सोलता सांगत होतात, आणि मी इकडे वहीतलं एकेक ‘ती म्हणते’ खोडत होते.

पण मामा, पुढची पंचाईत आमच्या भाषेची होती. आमच्यात वाचायला ज्यांचा आवाज खरोखर चांगला, ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चांगला खर्जातला आवाज. त्यांनी त्या आईची साक्ष वाचायची तर ‘मी घरी गेलो’ म्हणायचं की ‘मी घरी गेले’? तुम्हाला प्रश्नच कळेना. खोसात तो आणि ती यांना सर्वनाम एकच, क्रियापदही बाईचं वेगळं आणि पुरुषाचं वेगळं असं नाही. शेवटी कळल्यावर तुम्ही विचारलंत, ‘म्हणजे तुमच्याकडे पुरुषाला बाईचं दुःख बोलताच येत नाही?’

खरं सांगते, राग आला होता. दोन दिवस डोक्यात तेच. आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम आठवलं : भजनात गौळण म्हणणारे आमच्या गावचे बुवा! भरघोस मिशा, गळ्यात तुळशीमाळ, आणि खुशाल ‘मी पाण्याला गेले’ म्हणून गातात. ज्ञानोबांनी विराण्या लिहिल्या त्या विरहिणी होऊनच. सातशे वर्षं आम्ही हे करतोय आणि मला फोनवर उत्तर सुचलं नव्हतं. पुढच्या शनिवारी हे सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ‘मग अडलंय कुठे?’

बैठकीत त्या गृहस्थांनी त्या आवाजात ‘मी गेले’ म्हटलं, तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या वाक्याला कुणी हसलं नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. एप्रिल १९९६, तुमच्याकडच्या ईस्ट लंडन शहरातली आयोगाची सुनावणी. क्रॅडॉक गावचे वर्णभेदविरोधी कार्यकर्ते फोर्ट कलाटा यांना १९८५ मध्ये सुरक्षा पोलिसांनी मारलं. त्यांच्या पत्नी नोमोंडे साक्ष देता देता मागे झुकून ओरडल्या. कामकाज थांबवावं लागलं. ते रेकॉर्डिंग ऐकून मी कंसात लिहिलं होतं, ‘(हंबरडा फोडते)’. तुम्ही अर्थ विचारलात. गाय वासरासाठी हंबरते, त्यावरून आलेला शब्द, असं मी सांगितलं. ‘शब्द चांगला आहे,’ म्हणालात, ‘पण काढून टाक. तिथे आम्हीही गप्प बसायचो.’

काढला.

पैसे घेतले नाहीत, उलट माझ्यावर चिडायची वेळ आली तरी चिडला नाहीत. पत्र मात्र मराठीतच हवं, आणि मोठ्याने वाचून पाठव, आवाजावरून कळेल, असं बजावलंत. म्हणून हे रेकॉर्ड करून पाठवतेय. ‘काढला’नंतर चार-पाच सेकंद काहीच ऐकू येणार नाही. नेट गेलेलं नाही.

एन्कोसी, मामा. तुमच्याच भाषेत आभार.

तुमची,
पुण्याची मुलगी