परतवाड्याच्या मिस्त्रीकाकांस आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

आमच्या एमएम 540 जीपच्या इंजिनाच्या हेडचे (म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे) काम आपण मृग लागण्यापूर्वी पूर्ण करून दिलेत, याबद्दल धारणी तालुक्यातील आमच्या गावातर्फे आपले मनःपूर्वक आभार. सिपना नदीला आणि वाटेवरच्या नाल्यांना पाणी आले, की बाळंतिणीला धारणीच्या रुग्णालयात पोहोचवायला आमच्याकडे हीच एक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे, हे आपण पहिल्याच भेटीत विचारून घेतले होते.

घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात जात होता, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत होते आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले होते. एका गॅरेजमध्ये आम्हाला संपूर्ण इंजिन बदलण्याचा सल्ला मिळाला होता. आपण मात्र आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजलेत आणि दुसऱ्या व तिसऱ्या, म्हणजे शेजारच्याच दोन सिलिंडरमध्ये ते कमी भरल्यावर त्यांच्यामधली हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सील, जळाली असावी, असे सांगितलेत. हेड उतरल्यावर तेच दिसले. लायनर आणि पिस्टन चांगले असल्याची खात्री करून आपण खालच्या भागाला हातही लावला नाहीत, आणि माझ्या मते गरज नसलेले काम न करण्यातच आपली खरी सचोटी आहे.

प्यूजोच्या आराखड्यावरचे हे 2112 सीसीचे डिझेल इंजिन. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन गरम होत राहिले की हेडच वाकते, हे आपण सरळ पट्टी ठेवून आणि तिच्याखालून फिलर गेजची (फट मोजायची) पाती सरकवून दाखवलेत. फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, आलेले हेड आपण पुन्हा मोजलेत, कारण ते जास्त घासले गेले तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकण्याचा धोका असतो.

व्हॉल्व्ह बसवण्याचे काम मी जवळ बसून पाहिले. पेस्ट लावून प्रत्येक व्हॉल्व्ह सीटवर फिरवताना आधी खरखर यायची, मग आवाज मऊ होत जायचा आणि पुसल्यावर कडेला सलग करडी रेघ उमटलेली दिसायची. त्यानंतर हेड उलटे ठेवून आपण व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलेत. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली पोर्टमध्ये किंचित ओल दिसली, तेव्हा दिवेलागण झालेली असूनही तो व्हॉल्व्ह काढून आपण पुन्हा घासायला घेतलात. घाईच्या दिवसांत एवढा धीर धरणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळताना ‘असे का’ हेही आपण माझ्या मुलाला समजावून सांगितलेत. शिवाय मूळ कारण शोधल्यावाचून आपण गाडी सोडली नाहीत: रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी निम्म्या बुजल्या होत्या. त्या साफ करून घेऊन, बोअरचे पाणी पुन्हा भरू नये आणि कूलंटच वापरावे, अशी ताकीदही आपण दिलीत.

आता भरल्या गाडीनेही घाटात काटा मध्यावरच राहतो आणि डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ दिसते. आपण सांगितल्याप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा तपासायला आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून घ्यायला पोळ्याच्या आधी गाडी घेऊन येत आहे. मुलालाही सोबत आणतो.

आपला कृतज्ञ,
धारणी तालुक्यातील एक जीपचालक